मातीच्या ट्रॅकवर कडक स्पेक टायरमधून पकड कशी काढावी?

वळणवेडा (धागाकर्ता):

आमच्या कार्ट शर्यतींच्या (कार्ट म्हणजे सस्पेन्शन नसलेली छोटी शर्यतीची गाडी) वर्गात चारही चाकांना नियमाने ठरवून दिलेले, म्हणजे स्पेक, एकाच कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे) टायर वापरावे लागतात आणि ते चांगलेच कडक आहेत. टायर अधिक टिकावेत, दर आठवड्याला नवा संच घ्यावा लागू नये आणि सर्वांना समान संधी मिळावी हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे, त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. टायरला रसायन लावण्यास बंदी आहे.

माझी अडचण अशी की संध्याकाळच्या पहिल्या हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत) माती ओलसर असताना गाडी नीट चालते, परंतु फायनलपर्यंत ट्रॅक सुकून चकचकीत झाला की वळणात शिरताना पुढची चाके बाहेर ढकलली जातात आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबताच मागची बाजू सुटते. दोन्ही दोष एकाच वळणात दिसतात. त्यामुळे पुढचे सुधारावे की मागचे, हेच कळेनासे झाले आहे.

सध्याचा सेटअप असा आहे : चारही टायरमध्ये हवेचा दाब १२ पीएसआय, मागच्या चाकांत स्टॅगर (उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा जितका जास्त तो फरक) २.५ सेंटिमीटर, एकूण वजनापैकी डाव्या चाकांवर ५८ टक्के. ट्रॅक छोटा ओव्हल, सगळी वळणे डावीकडे, असून आम्ही ज्या रेषेने वळतो तिची त्रिज्या साधारण १५ मीटर भरते. शर्यतीनंतर टायरचा पृष्ठभाग काळा, चकचकीत, जवळजवळ पॉलिश केल्यासारखा दिसतो. ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारे यंत्र) टायर नवा असताना ५८ दाखवत होता, आता ६२ दाखवतो. सर्वांत आधी हात कशाला घालावा?

जुनी कानस:

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळींत दिले आहे. चकचकीत पृष्ठभाग म्हणजे टायर काम करत नसून नुसता सरकत होता. काम केलेल्या टायरचा पृष्ठभाग निस्तेज, किंचित खरबरीत, हात फिरवल्यास मांजराच्या जिभेसारखा लागतो. कडक टायर वापरणारे बहुतेक नवखे एक चूक करतात, ती मीही दोन हंगाम केली : टायर थंड आहे, म्हणून तो घसरवून तापवायचा. घसरण्याने तापते ती वरची कातडी. ती भाजते, झिलई धरते आणि आतले रबर मात्र थंडच राहते. कडक टायरला घासून नव्हे, मुडपून तापवावे लागते. साइडवॉल (टायरची बाजू) आणि ट्रेड (जमिनीला टेकणारा रबराचा थर) चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबले, वाकले आणि पुन्हा सुटले की उष्णता रबराच्या पोटात निर्माण होते, आणि तीच पकड फायनलच्या शेवटच्या फेरीपर्यंत टिकते.

आता १२ पीएसआयवर कडक टायर मुडपणार कसा? कार्टचे वजन ते किती! इतक्या हवेवर तो लाकडी चाकासारखा मधल्या पट्ट्यावर उभा राहतो. पुढच्या सरावाला एक साधी गोष्ट करा. ट्रेडच्या दोन्ही कडांवर, जिथे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढा आणि पाच फेऱ्या मारून या. खडू कुठपर्यंत पुसला गेला आहे ते पाहा. कडेपर्यंत पुसला गेला नसेल तर टायरचा तितका भाग तुम्ही नुसताच वाहून नेत आहात.

मग एकेक पीएसआयने उतरत जा. डाव्या बाजूचे टायर उजव्यांपेक्षा थोडे कमी ठेवा, कारण वळणात त्यांच्यावर भार कमी असतो आणि भार कमी म्हणजे मुडपणेही कमी. मात्र ६ पीएसआयच्या आसपास गेल्यावर रिमला बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) धरून ठेवणारे स्क्रू आहेत ना, हे तपासल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका. वळणात बीड सुटला तर पकडीचा प्रश्नच उरत नाही.

रबरशास्त्री:

वरच्या प्रतिसादाला थोडा शास्त्रीय आधार जोडतो. रबराचे घर्षण शाळेत शिकवलेल्या नियमांप्रमाणे वागत नाही. ग्रोश नावाच्या संशोधकाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले की सरकण्याचा वेग वाढत गेला की रबराचे घर्षण आधी वाढते, एका शिखरावर पोचते आणि त्यानंतर घटू लागते. ते शिखर कोणत्या वेगाला येईल हे तापमानावर अवलंबून असते. म्हणजे टायर अजिबात न सरकता पकड देतच नाही, थोडे सरकणे आवश्यकच आहे, परंतु शिखर ओलांडल्यावर जितके जास्त सरकाल तितकी पकड कमी. गाडी ‘सुटते’ तेव्हा नेमके हेच होत असते.

त्याच प्रयोगांतली दुसरी गोष्ट मातीवर धावणाऱ्यांसाठी अधिक मोलाची आहे. घर्षणाचे दोन स्रोत असतात : एक, रबर पृष्ठभागाला रेणूंच्या पातळीवर चिकटते ते, आणि दुसरा, पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे रबर दबते-सुटते आणि त्यात ऊर्जा खर्च होते तो. ग्रोशने खरबरीत पृष्ठभागावर मॅग्नेशियाची बारीक पूड पसरली, तेव्हा चिकटण्यातून येणारा घर्षणाचा उंचवटा नाहीसा झाला. सुकलेल्या मातीच्या ट्रॅकवर पिठासारखी धूळ हेच काम करते. ओलसर मातीत रबराच्या कडा रुततात, सुकलेल्या स्वच्छ पट्ट्यावर रबर चिकटते, आणि धूळ पसरलेल्या भागावर यांपैकी काहीच धड होत नाही. म्हणून कडक टायर असताना धुळीच्या पट्ट्यावर एक चाक जरी गेले तरी मऊ टायरवाल्यापेक्षा आपण जास्त गमावतो.

रोलरवाला:

सगळे बरोबर असेल, परंतु मी स्पष्ट बोलतो. आमच्याकडे नियमात बंदी नाही, त्यामुळे आम्ही टायर रोलरवर फिरवत आतून आणि बाहेरून प्रेप (टायर मऊ करणारे रसायन) लावतो, आणि ६० चा टायर ५० वर आणतो. त्यानंतर प्रेशर आणि स्टॅगरचे हे सारे किरकोळ वाटू लागते. धागाकर्त्यांनी आपल्या वर्गात नियम खरोखर पाळला जातो का ते आधी पाहावे.

जुनी कानस:

नियमात बंदी असल्याचे धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात सांगितले आहे, तेव्हा तो मार्ग त्यांच्यासाठी बंद. तपासनिसाकडे टायरमधून उडणारी बाष्पे हुंगणारे यंत्र असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे आकडा गेला की निकाल रद्द होतो. एका मोसमात मला स्वतःला याचा फटका बसला, तोही प्रेप न लावता : आदल्या रात्री टायर पेट्रोलच्या कॅनशेजारी झाकून ठेवले होते. तेव्हापासून टायरची जागा वेगळी, इंधनाची वेगळी.

जिथे परवानगी आहे तिथेही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. या द्रवांत टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके असू शकतात, जी त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात आणि चटकन पेट घेतात, त्यामुळे बंद खोलीत उघड्या हातांनी हे काम करणे मूर्खपणाचे आहे. दुसरे म्हणजे प्रेपने टायर मऊ होतो, सेटअप सुधारत नाही. स्टॅगर चुकलेली गाडी मऊ टायरवरही चुकीचीच असते, फक्त ते उशिरा कळते.

स्टॅगरदास:

इतके प्रतिसाद झाले तरी स्टॅगरकडे कोणी वळले नाही, याचे आश्चर्य वाटते. धागाकर्त्यांच्या आकड्यांवरच हिशेब मांडतो.

कार्टला डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो. मागची दोन्ही चाके एकाच सलग ॲक्सलवर घट्ट बसवलेली असल्याने दोघांचे फेरे सारखेच होतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. मागच्या चाकांमधले अंतर १ मीटर आणि वळणाची त्रिज्या १५ मीटर धरली तर बाहेरचे चाक १५.५ मीटर त्रिज्येवर आणि आतले १४.५ मीटर त्रिज्येवर धावते, म्हणजे गुणोत्तर १.०६९ येते. डाव्या टायरचा घेर ८६ सेंटिमीटर असेल, तर न घसरता लोळण्यासाठी उजव्याचा घेर सुमारे ९२ सेंटिमीटर, म्हणजे स्टॅगर जवळजवळ ६ सेंटिमीटर हवा. तुमचा आहे २.५. उलट हिशेब केला तर तुमचा ॲक्सल ३५ मीटर त्रिज्येचे वळण मागतो आहे आणि तुम्ही त्याला १५ मीटरमध्ये वळवता आहात.

आता हे प्रत्यक्षात काय करते ते पाहा. अर्धवर्तुळाकार वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ३.१४ मीटर जास्त धावायचे असते. तुमचा स्टॅगर त्यातले साधारण १.३५ मीटर भरून काढतो. उरलेले १.८ मीटर दोन्ही चाकांपैकी कोणाला तरी, किंवा दोघांना वाटून, नुसते खरडत काढावे लागतात, आणि हे प्रत्येक वळणात घडते. तुमच्या टायरची झिलई इथून आली आहे.

आणि एकाच वळणात दोन दोष दिसतात याचेही उत्तर इथेच आहे. सरळ धावू पाहणारा मागचा ॲक्सल पुढच्या चाकांना बाहेर ढकलतो, म्हणून शिरताना गाडी वळत नाही. तुम्ही स्टिअरिंग आणखी फिरवता. वेग कमी झाल्यावर पुढच्या चाकांना एकदम पकड मिळते, तोवर स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरलेले असते, गाडी झटक्यात आत वळते आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. मागची बाजू सुटते ती पुढच्या चाकांच्या जुन्या पापामुळे. म्हणून मागे काहीही बदलण्याआधी वळणात शिरतानाचा दोष काढा.

वळणवेडा:

हा हिशेब वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. मग स्टॅगर थेट ६ सेंटिमीटर करावा का?

स्टॅगरदास:

नाही, तसे करू नका. ६ सेंटिमीटरचा आकडा दोन्ही चाके सारखी दबलेली आहेत असे धरून येतो. वळणात भार उजव्या चाकावर सरकतो आणि डावे मागचे चाक हलके होते, त्यामुळे ते थोडे घसरले तरी फारसा विरोध करत नाही. शिवाय सरळ पट्ट्यावर हाच स्टॅगर गाडीला डावीकडे ओढतो आणि तिथे टायर घासतो : ४ सेंटिमीटर स्टॅगरची गाडी सरळ पट्ट्यावरही २२ मीटर त्रिज्येचे वळण घेऊ पाहत असते. मी तुमच्या जागी असतो तर साडेतीनपासून सुरुवात करून अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्याने वर गेलो असतो आणि सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावे लागते का, हे पाहिले असते.

एक खबरदारी. हे बायस-प्लाय (आतले कापडी थर तिरपे असलेले) टायर आहेत, हवा बदलली की त्यांचा घेरही बदलतो. दोन्ही बाजूंची हवा कमी केल्यानंतर स्टॅगर पुन्हा मोजा, आणि मोजताना फीत ट्रेडच्या बरोबर मध्यावरून जाऊ द्या. कागदावर लिहिलेला जुना आकडा नव्या हवेला लागू होत नाही.

तोलकाटा:

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, आणि तो काहींना पटणार नाही. पकड कमी असेल तर वजन उजवीकडे जाऊ द्यायला हवे. डावा भाग ५८ टक्के ठेवणे चिकट, भरपूर पकडीच्या ट्रॅकसाठी योग्य असते, कारण तिथे वळणात इतका जोर निर्माण होतो की डावीकडे जास्तीचे वजन ठेवले नाही तर गाडी उजव्या चाकांवर उलटू पाहते. चकचकीत ट्रॅकवर कडक टायर तेवढा जोर निर्माणच करत नाही, त्यामुळे भार उजवीकडे सरकत नाही, उजवे टायर दबत नाहीत, दबत नाहीत म्हणून तापत नाहीत, आणि तापत नाहीत म्हणून जोर निर्माण होत नाही. हे दुष्टचक्र तोडायचे असेल तर डावा भाग ५६ वर आणा, आणि आसन किंवा शिशाचे वजन थोडे वर घ्या, म्हणजे त्याच वेगात जास्त भार उजवीकडे जाईल. मागच्या चाकांमधले अंतर कमी करूनही हेच साधते.

रबरशास्त्री:

इथे मला आक्षेप घ्यावासा वाटतो. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून एकाच ॲक्सलवर भार एका चाकाकडून दुसऱ्याकडे जितका जास्त सरकेल तितकी त्या दोन चाकांची एकत्रित पकड घटते. गुरुत्वमध्य वर नेणे किंवा चाके जवळ आणणे यांमुळे भाराचे सरकणे वाढते, म्हणजे कागदावर तरी तुम्ही पकड गमावता आहात. मोटारींच्या बाबतीत हा नियम निर्विवाद आहे.

तोलकाटा:

मोटारीत डिफरन्शिअल असतो आणि सस्पेन्शनही असते, कार्टमध्ये दोन्ही नाही. इथे मागचे डावे चाक हलके झाले की सलग ॲक्सलचा अडथळा कमी होतो, आणि तो अडथळा किती मोठा असतो हे स्टॅगरदासांनी वर मीटरमध्ये दाखवले आहे. भार सरकवून मी जे थोडे गमावतो त्यापेक्षा चाक मोकळे होऊन जास्त मिळवतो. वर, कडक टायर दबून तापतो तो फायदा वेगळाच.

रबरशास्त्री:

मान्य. पण मग त्यातून असा निष्कर्ष निघतो की स्टॅगर योग्य असलेल्या गाडीला तुमच्या उपायाची गरज बरीच कमी पडेल, कारण अडथळा आधीच घटलेला असेल. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी हवा, मग स्टॅगर, आणि त्यानंतरही टायर थंड राहत असेल तरच वजन हलवावे. तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी बदलल्या तर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही.

तोलकाटा:

क्रमाबद्दल वाद नाही.

मोजपट्टी:

ड्युरोमीटरबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. ५८ वरून ६२ झाले म्हणजे रबर चार अंशांनी कडक झाले, असे लगेच मानू नका. शोर ए मापनाची जी प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम डी २२४०, तिच्यात नमुना किमान ६ मिलिमीटर जाडीचा असावा असे म्हटले आहे. कार्टच्या टायरवर तेवढे रबर क्वचितच असते आणि झिजल्यावर तर नाहीच, त्यामुळे सुईला खालच्या कापडी थरांचा कडकपणाही जाणवू लागतो आणि आकडा वाढतो. शिवाय सकाळी थंड टायरवर घेतलेला आकडा आणि उन्हात ठेवलेल्या टायरवर घेतलेला आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. झिलई हा तिसरा घटक. आधी पृष्ठभाग घासून घ्या, टायर सावलीत तासभर ठेवा, नेहमी त्याच चार जागी मोजा आणि मग बोला.

अर्थात टायर खरोखरही कडक होतो. प्रत्येक वेळी तापून थंड होताना त्यातली तेले हळूहळू निघून जातात, उन्हाने आणि ओझोननेही रबर म्हातारे होते. विजेच्या यंत्रांतल्या मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो, म्हणून कॉम्प्रेसर किंवा ग्राइंडरच्या शेजारी टायर ठेवू नयेत. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून अंधारात ठेवणे एवढे पुरे.

हवेच्या बाबतीतही एक आकडा देतो. ८ पीएसआय हे वातावरणाच्या दाबावरचे मोजमाप आहे, प्रत्यक्षात आत २२.७ पीएसआय असतात. टायरमधली हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तो दाब २५.४ होतो, म्हणजे गेजवर १०.७ दिसतात. एक तृतीयांश वाढ! मोटारीच्या टायरमध्ये इतक्याच वाढीकडे दुर्लक्ष करता येते, आपल्याकडे ती सगळा सेटअप बदलून टाकते. त्यामुळे ट्रॅकवरून आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजून लिहून ठेवण्याची सवय लावा. थंड दाब हा केवळ गरम दाबापर्यंत पोचण्याचा रस्ता आहे.

वळणवेडा:

पृष्ठभाग घासायचा म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या नियमात टायर कापण्यास किंवा त्याला खाचा पाडण्यास बंदी आहे, परंतु स्वच्छ करण्यास नाही.

जुनी कानस:

मग तुम्हाला हवे तेवढे सगळे उपलब्ध आहे, फक्त एकदा नियम पाहणाऱ्यांना विचारून खात्री करून घ्या, कारण ‘स्वच्छ करणे’ कुठे संपते याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असते. गाडी स्टँडवर चढवून घ्या. एका माणसाने चाक हाताने फिरवायचे आणि दुसऱ्याने लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला ८० नंबरचा सँडपेपर ट्रेडवर सपाट टेकवून धरायचा. जोर लावायचा नाही. आधी कागदावर काळी, चिकट भुकटी येते, ती झिलई. मग भुकटी करडी आणि कोरडी येऊ लागते, तिथे थांबायचे. चकचकीत थराखालून निस्तेज रबर डोके वर काढते ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. प्रत्येक हीटनंतर हे करा. नव्या टायरवर साच्यातून निघालेला गुळगुळीत थर असतो, तोही असाच उतरवावा, नाहीतर पहिली हीट वाया जाते.

ट्रेड किती जाड ठेवावा याबद्दल दोन तट आहेत. माझे मत असे की कडक टायरचे रबर उगाच कमी करू नये, कारण जाड ट्रेड जास्त मुडपतो आणि जास्त तापतो. मऊ टायर अति तापू नये म्हणून पातळ करणारे लोक जे सांगतात ते आपल्याला उलटे लागू पडते.

स्वार:

सगळी चर्चा गाडीची झाली. हात कोणाचे आहेत तेही पाहिले पाहिजे. कडक टायरवर वळणात गाडी आडवी टाकून शिरणारा चालक प्रेक्षकांना आवडतो, घड्याळाला आवडत नाही. थोडे आधी आणि सरळ रेषेत ब्रेक सोडा, स्टिअरिंग एकदाच आणि हळू फिरवा, आणि पुढची चाके ढकलू लागली तर आणखी फिरवण्याऐवजी किंचित सैल करा. सरकण्याचा वेग शिखराच्या अलीकडे आला की पकड परत येते, हे वर रबरशास्त्रींनी सांगितलेच आहे. फक्त ते हातांना पटायला वेळ लागतो, कारण गाडी बाहेर जात असताना स्टिअरिंग उलट दिशेने सोडणे स्वभावाविरुद्ध आहे.

दुसरे, ट्रॅककडे बघा. शेतकरी वाफसा पाहतो तसा तुम्हीही पाहावा. वाफशावर असलेली माती गडद दिसते, बोटाने दाबली तर ठसा उमटतो पण बोटाला चिखल लागत नाही. ती सर्वांत चांगली जागा. ट्रॅक सुकला की ही ओल आधी रोजच्या रेषेवरून जाते आणि वरच्या कडेला टिकून राहते. कधी कधी एक मीटर वरून वळणे लांबचे असूनही वेगाचे ठरते, आणि त्रिज्या मोठी झाल्याने तुमच्या अपुऱ्या स्टॅगरचेही काही अंशी पोट भरते. धूळ दाबणाऱ्या मिठाचा, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचा, फवारा मारलेला असेल तर ते हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे दुपारी दगड झालेला ट्रॅक रात्री पुन्हा नरम पडू शकतो. दुपारच्या सरावावर विसंबून रात्रीचा सेटअप करणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

वळणवेडा:

दोन आठवडे उशिराने लिहितो आहे, कारण क्रमाने एकेकच बदल करण्याचे ठरवले होते.

पहिल्या सरावात खडूच्या रेघा ओढल्या. १२ पीएसआयवर उजव्या मागच्या टायरवर दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा खडू जसाच्या तसा राहिला होता. डाव्या पुढच्यावर तर जवळजवळ निम्मा. एकेक पीएसआय उतरत उजवीकडे ८ आणि डावीकडे ७ वर आलो, तेव्हा उजव्या टायरचा खडू कडेपर्यंत पुसला गेला. त्याच वेळी स्टॅगर मोजला तर २.५ चा २.१ झाला होता. स्टॅगरदासांनी सांगितले नसते तर ते माझ्या लक्षातही आले नसते, आणि हवा कमी करूनही गाडी जास्तच का ढकलते आहे याचा मी विचार करत बसलो असतो.

पुढच्या सरावात थोडा मोठा उजवा टायर मिळवून स्टॅगर ३.६ केला. पहिल्याच वळणात स्टिअरिंग इतके हलके लागले की काहीतरी सुटले असावे अशा शंकेने मी आत येऊन स्टिअरिंगचे सांधे तपासले. सर्व ठीक होते. मग ४.१ करून पाहिला, परंतु सरळ पट्ट्यावर उजवीकडे धरून ठेवावे लागत होते आणि डाव्या मागच्या टायरच्या आतल्या कडेला झिलई दिसू लागली, म्हणून परत ३.६.

शर्यतीच्या दिवशी प्रत्येक हीटनंतर सँडपेपर वापरला. फायनलला ट्रॅक नेहमीसारखाच सुकला होता. वळणात शिरतानाचा दोष जवळजवळ गेला आहे. निघताना मागची बाजू अजून सुटते, पण आता ती हळू सुटते, सांगून सुटते, आणि ॲक्सिलरेटर थोडा सैल केला की सावरते. फायनलच्या शेवटच्या पाच फेऱ्या पहिल्या पाच फेऱ्यांइतक्याच वेळेत झाल्या, जे या वर्षी प्रथमच घडले. टायर उतरवले तेव्हा उजवे दोन्ही निस्तेज आणि खरबरीत होते. गरम दाब उजवीकडे १०.५ आणि डावीकडे ८ भरला.

वजनाला अजून हात लावलेला नाही.

तोलकाटा:

आता लावा. डावीकडचा दाब फक्त १ पीएसआयने वाढला आहे, म्हणजे ते टायर उजव्यांच्या मानाने फारसे तापलेलेच नाहीत. उजवीकडे अडीचने वाढ झाली आहे, तेव्हा उजवे टायर आता पुरेसे काम करत आहेत आणि मी आधी सुचवलेले ५६ टक्के तुम्हाला नको. त्याऐवजी डावी बाजू ६ पीएसआयवर आणून पाहा, स्टॅगर ३.६ वरच राहील अशी काळजी घ्या, आणि आसन फक्त एका छिद्राने वर घ्या.

जुनी कानस:

आणि ६ वर जाण्याआधी ते बीडचे स्क्रू.

वळणवेडा:

पुढच्या रिमना आहेत, मागच्या डाव्या रिमला नाहीत. ती रिम बदलल्याशिवाय डावीकडची हवा ७ वरच ठेवतो आणि आधी आसन उचलून पाहतो.